पिशवी धुवायची की थांबायचं?

पत्र : आमची दुसऱ्या वेताची गाय व्याली त्याला आज १९ दिवस झाले. वासरू थोडं ओढून काढावं लागलं, पण जार वेळेत पडला. गाय खाते, रवंथ करते, दूध चढतंय, अंग गरम नाही. पण बसली की मागून सोट, म्हणजे चिकट स्राव, पडतो आणि त्यात पांढरे ठिपके दिसतात. मामंजी म्हणतात, लगेच पिशवी, म्हणजे गर्भाशय, धुऊन घ्या, आत औषध सोडा, नाहीतर गाय उलटत राहील, म्हणजे भरवूनही गाभण राहणार नाही. धाकटे दीर म्हणतात, गाईच्या गर्भाशयात निसर्गतःच जंतुनाशक द्रव्यं असतात, त्यांनी तसं वाचलंय, बाहेरून काहीच करायला नको. दोघंही ठाम आहेत आणि गोठा माझ्याकडे आहे. खरं कोणाचं? आणि ही आतली ताकद असेलच, तर ती वाढवता येते का?
– एक वाचक

ताई,

आधी गाईचं सांगते, मग माणसांचं. तुम्ही लिहिलंय त्यावरून आज तिची पिशवी धुवायची नाही आणि आत काही सोडायचंही नाही. मामंजींना ते कसं सांगायचं हे तुम्ही बघा, मी कारणं देते. दिरांनी वाचलंय ते खरं आहे, पण अर्धं.

तुम्ही दिवस मोजून लिहिलेत, तिथेच माझं निम्मं काम झालं. ‘झाले असतील पंधरा-वीस दिवस’ एवढ्यावर औषध मागणारी पत्रं मला रोज येतात. या दुखण्यात सोट कसा दिसतो याइतकंच तो कितव्या दिवशी तसा दिसतो याला महत्त्व असतं.

गाय विते तेव्हा पिशवीचं वजन नऊ-दहा किलो असतं. महिनाभरात ती आवळून एक किलोच्या आसपास येते. जार जिथे चिकटलेला असतो अशी बटणांसारखी उंच ठिकाणं आत असतात, साधारण ७० ते १२०. जार पडल्यावर या बटणांचा वरचा भाग कुजून, सुटून बाहेर पडतो. हे काम बाराव्या दिवसाच्या आसपास आटोपतं आणि मग उघड्या पडलेल्या जागेवर नवं आवरण चढत जातं. ते आवरण सगळीकडून जुळायला साधारण २५ दिवस लागतात. म्हणजे तुमच्या गाईची पिशवी आतून अजून पुरती भरून आलेली नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

आता जंतूंचं. विताना दार सताड उघडलेलं असतं. शेण, माती, ओढणाऱ्याचे हात, सगळं आत जातं. विल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत तपासलं तर ८० ते १०० टक्के गाईंच्या गर्भाशयात जंतू सापडतात. उत्तम गोठ्यातल्या, धडधाकट गाईंच्यासुद्धा. पिशवीत जंतू असणं हाच आजार धरला तर जगातली प्रत्येक व्यालेली गाय आजारी ठरेल. यातल्या बहुतेकींची पिशवी चार-पाच आठवड्यांत आपली आपण साफ होते.

‘धुतलं आणि गाय बरी झाली’ या अनुभवाचं मूळही इथेच आहे. दहापैकी आठ-नऊ गाई काही न करता बऱ्या होणारच होत्या. मधे कोणी नळी घेऊन येऊन गेला की श्रेय नळीला मिळतं. मामंजी खोटं बोलत नाहीयेत. त्यांनी बऱ्या झालेल्या गाई पाहिल्या आहेत. न धुता बऱ्या झालेल्या गाई कोणी मोजल्याच नाहीत, एवढंच.

मग ही साफसफाई करतं कोण?

बाहेरून आत जाऊ. पहिला अडसर निरणाचा, म्हणजे योनीमार्गाच्या बाहेरच्या तोंडाचा. तिचे ओठ घट्ट मिटत असतील तर शेण आणि हवा आत शिरत नाही. विताना ती फाटली आणि वेडीवाकडी भरली तर हा अडसर कायमचा ढिला होतो. थोडं आत स्नायूंचं एक कडं असतं, आणि त्याच्याही आत खरा दरवाजा, म्हणजे गर्भाशयाचं मुख. हे तुम्ही रेतनाच्या वेळी ऐकलं असेल, ‘कडं लागत नाही, नळी जात नाही’. एकामागे एक तीन-चार कडी आणि त्यांच्यात घड्याच घड्या असलेली ही कडक नळी आहे. गाभण गाईत ती डिंकासारख्या घट्ट सोटाने बुचासारखी बंद असते. माजावर मात्र तोच सोट काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा होतो आणि भरपूर वाहतो.

या माजाच्या सोटाची एक गंमत मला अजूनही थक्क करते. मुखाच्या आत तो एकसारखा नसतो. घड्यांच्या माथ्यावरचा दाट सोट बाहेरच्या दिशेने वाहत असतो आणि जाता जाता घाण घेऊन जातो. घड्यांच्या खाचांत, तळाशी असतो तो पातळ, आणि नैसर्गिक भरवणीत शुक्राणू त्या खाचांतून वर सरकतात. बाहेर जाणाऱ्यांची वाट वेगळी, आत येणाऱ्यांची वेगळी. कृत्रिम रेतनात आपण नळीने हा सगळा पहारा ओलांडून थेट आत जातो. म्हणून रेतनाआधी निरण पुसून घेण्याचा माझा एवढा हट्ट असतो.

इथे एक गैरसमज खोडते. बाईच्या योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जंतू आम्ल तयार करतात आणि त्यामुळे बाकीच्या जंतूंना तिथे टिकाव लागत नाही, हे खरं आहे. गाईचं तसं नाही. तिच्या योनीमार्गाचा सामू सातच्या आसपास, म्हणजे ना आम्ल ना अल्कधर्मी, आणि लॅक्टोबॅसिलस अगदी थोडे. माणसांसाठी लिहिलेलं वाचून गाईच्या आत काहीबाही आंबट सोडू नका.

आता दिरांच्या मुद्द्यावर येते. १९९१ मध्ये संशोधकांना गाईच्या श्वासनलिकेच्या अस्तरात ३८ अमिनो आम्लांचं एक चिमुकलं प्रथिन सापडलं, जे जंतूंना मारतं. सस्तन प्राण्यांत सापडलेलं त्या कुळातलं ते पहिलंच. त्या कुळाला आता बीटा-डिफेन्सिन म्हणतात. नाव श्वासनलिकेवरून पडलं, पण पुढे तेच प्रथिन आणि त्याची भावंडं गाईच्या गर्भाशयाच्या अस्तरातही सापडली. जंतूच्या बाहेरच्या पापुद्र्यावर ऋण विद्युतभार असतो, या प्रथिनावर धन. ते जाऊन चिकटतं, पापुद्रा फाटतो आणि जंतू मरतो.

अस्तराच्या पेशींवर टीएलआर-४ नावाचे पहारेकरी रेणू असतात. ई. कोलायसारख्या जंतूच्या कवचाचा तुकडा त्यांना लागला की पेशी दोन कामं एकदम करते. डिफेन्सिनं वाढवते आणि रक्ताकडे निरोप पाठवते. जोडीला लॅक्टोफेरिन असतं, ते जंतूंना लागणारं लोह बांधून ठेवतं. लायसोझाइम असतं, ते काही जंतूंची भिंत पोखरतं. शिवाय पेशींच्या माथ्यावर चिकट प्रथिनांचा थर असतो, त्यामुळे जंतूला सहजी चिकटता येत नाही. तेव्हा दिरांना सांगा, तुमचं वाचन वाया गेलेलं नाही.

तो निरोप मिळाला की रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी लोटतात. त्या जंतू गिळतात, आणि त्यांच्या पोटातही दारूगोळा असतो. गाईच्या न्यूट्रोफिलमधून १९९३ मध्ये एकदम १३ वेगवेगळी बीटा-डिफेन्सिनं काढून दाखवली गेली. या पेशी काम करून तिथेच मरतात. तुमच्या गाईच्या सोटातले पांढरे ठिपके म्हणजे मुख्यतः ह्याच मेलेल्या पेशी. पू दिसला की आपल्या डोळ्यांसमोर जंतूच येतात, पण पू हा बंदोबस्त चालू असल्याचाही पुरावा असतो. तो किती आहे, घटतोय की वाढतोय आणि कितव्या दिवशी आहे, हे बघायचं.

सगळ्यात नेटाने तग धरतो तो ट्रूपेरेला पायोजेनिस नावाचा जंतू. बहुतेक वेळा ई. कोलाय आधी येऊन वाट मोकळी करतो, मग हा आणि त्याच्या जोडीला हवेशिवाय वाढणारे दुसरे. ट्रूपेरेला एक विष सोडतो, पायोलायसिन. ते पेशीच्या पापुद्र्याला भोकं पाडतं. आणि अस्तराच्या वरच्या थरातल्या पेशी या विषाला बऱ्याच पुरून उरतात, पण त्यांच्या खालच्या थरातल्या पेशी पटापट मरतात. म्हणजे वरचं आवरण शाबूत तोवर विषाला फारसा वाव नाही. आवरण गेलं की खालचं उघडं.

आता मघाचे २५ दिवस आठवा. तुमच्या गाईत ते आवरण ह्या घडीला जुळत आलंय. त्यावर आपण काय ओततो? आयोडीनचा कडक द्राव, नाहीतर ऑक्सिटेट्रासायक्लिन. दोन्ही अस्तराला भाजतात. जंतुनाशक द्राव न्यूट्रोफिलची गिळण्याची ताकदही कमी करतात, त्या द्रावांना जंतू कोण आणि आपली पेशी कोण हे कळत नाही. जेन्टामायसिनला काम करायला प्राणवायू लागतो आणि विल्यानंतरच्या पिशवीत त्याचीच वानवा. साध्या पेनिसिलिनला तिथले काही जंतू फोडून टाकतात. सल्फा औषधं पुवात निकामी होतात. आणि आत सोडलेलं प्रतिजैविक रक्तातून दुधात उतरतं, ते वेगळंच.

हे मी वरच्या पट्टीत सांगतेय, पण माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मीही बादली आणि नळी घेऊनच फिरत असे. बाराव्या दिवसाची एक गाय आठवते. चॉकलेटी रंगाचा, वास नसलेला सोट, गाय मजेत. हा सोट त्या दिवसांत अगदी नेहमीचा असतो. तो थोडा थोडा करून दोन लिटरपर्यंतही पडतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात थांबतो. मला ते पुस्तकात माहीत होतं. पण मालक उभे, शेजारी उभे, आणि ‘काही न करता’ परत जायची लाज. मी आयोडीनने धुतलं. दोन दिवस ती शेपटी उचलून कुंथत होती, तिसऱ्या दिवशी मी हातमोजा घालून बघितलं तर बोटांना रक्ताळलेले पापुद्रे लागले. नवं आवरणच सुटून आलं होतं. पुढे ती लागोपाठ उलटली. एका गाईवरून नियम करता येत नाही हे मलाही कळतं, पण ते पापुद्रे मी विसरलेले नाही.

आता दिरांची बाजू उलटून बघू. ‘निसर्ग बघून घेईल’ हे प्रत्येक गाईला लागू पडत नाही. विल्यापासून पहिल्या २१ दिवसांत, आणि त्यातही पहिल्या दहा दिवसांत, पाण्यासारखा लालसर-चॉकलेटी सोट, नाक धरावं असा कुजका वास, ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर, खाणं सुटलेलं, दूध घसरलेलं, असं दिसलं तर तो गर्भाशयदाह आहे. तिथे वाट बघणं म्हणजे गाय गमावणं. त्याच दिवशी पशुवैद्यक हवेत, आणि प्रतिजैविक लागतं ते इंजेक्शनने, रक्तातून.

दुसरा प्रकार गुपचूप चालतो. गाय ठणठणीत दिसते, पण २१ दिवसांनंतरही सोटात निम्म्याहून जास्त पू, किंवा २६ दिवसांनंतरही निम्मा पू आणि निम्मा सोट. हा मागे रेंगाळलेला दाह. अशा गाईंमध्ये गर्भधारणेचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी खाली येतं आणि गाभण राहायला महिनाभर जास्त लागतो. मामंजींची ‘उलटत राहील’ ही भीती इथे खरी आहे. त्यांची दिशा बरोबर आहे, दिवस आणि उपाय तेवढा चुकला.

मग उपाय कोणता? इथे संप्रेरकांचं बघावं लागतं. १९५० च्या दशकातच प्रयोगांनी दाखवून दिलं होतं, की माजाच्या दिवसांत पिशवीत जंतू सोडले तर ती त्यांना निपटून काढते, आणि तेच जंतू प्रोजेस्टेरॉनच्या राज्यात सोडले तर पू धरतो. माजात इस्ट्रोजेन चढतं, गर्भाशयाचं तोंड उघडतं, पिशवी आकुंचन पावते, सोट वाहतो, रक्तपुरवठा वाढतो. माज उतरला की बीजांडावर पीतपिंड तयार होतो, प्रोजेस्टेरॉन येतं, तोंड मिटतं आणि बंदोबस्त ढिला पडतो. गर्भ वाढायचा तर परक्या पेशींवरचा राग आवरावाच लागतो, त्याची ही किंमत. आत पू असताना पीतपिंड तसाच अडकून बसला तर पू कोंडून राहतो आणि गाय माजावरच येत नाही. अशा गाई ‘गाभण राहिली’ म्हणून महिनोन्महिने सांभाळल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

म्हणून पशुवैद्यक गुदमार्गातून हात घालून, जमल्यास सोनोग्राफी करून, पीतपिंड आहे का ते बघतात. असेल तर प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देतात. पीतपिंड विरतो, गाय माजावर येते आणि धुण्याचं काम तिचा स्वतःचा सोट करतो. गर्भाशयात सोडण्यासाठीच बनवलेलं, सेफापायरिनसारखं औषधही असतं. ते कधी वापरायचं ते ठरलेलं आहे, आणि विल्यापासून चौदा दिवसांच्या आत नक्कीच नाही. एक सांगून ठेवते, प्रोस्टाग्लँडिनची बाटली तुम्ही हाताळू नका. ते कातडीतूनही अंगात जातं, गरोदर बाईला आणि दमेकऱ्याला धोक्याचं आहे, आणि गाभण गाईला चुकून दिलं तर गर्भ पडतो.

ताकद वाढवता येते का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. बाटलीतून नाही. पण ती कशाने घटते ते पक्कं माहीत आहे आणि त्यातलं बरंचसं विण्याच्या आधीचं आहे. ज्या गाईंना विल्यावर जोराचा गर्भाशयदाह होतो, त्यांचं खाणं विण्याच्या दोन आठवडे आधीपासूनच कमी झालेलं असतं. पोटाला मिळत नाही आणि अंगावरची चरबी विरघळते, तशी न्यूट्रोफिलची धार जाते. आटवणीत, म्हणजे विण्याआधी दूध बंद केलेल्या काळात, चरबी चढलेल्या गाईंत हे जास्त. विताना रक्तातलं कॅल्शियम घसरलं तरी तेच, कारण या पेशी आणि पिशवीचे स्नायू, दोघांनाही कॅल्शियम लागतं. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत तिची गव्हाण रिकामी दिसू देऊ नका, तिथे धक्काबुक्की करणारी दुसरी गाय नको, आणि खनिजांचं मिश्रण पशुवैद्यकांना विचारून ठरवा. विण्याची जागा कोरडी. वासरू ओढायची वेळ आली तर निरण आणि हात धुऊन, भरपूर वंगण लावून, गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं. फाटलं तर पहिला अडसर गेला.

जार तर कधीच ओढून काढू नका. तो सुटायलाही याच पांढऱ्या पेशी लागतात, आणि ज्या गाईंचा जार अडकतो त्यांच्या न्यूट्रोफिलची हालचाल विण्याआधीच मंदावलेली आढळली आहे. अडकलेला जार म्हणजे बंदोबस्त आधीच कमी पडल्याची खूण, त्यात हाताने ओरबाडून आणखी जखमा कशाला? चोवीस तासांत पडला नाही तर बोलवा, ताप बघत राहा. जार किंवा सोट उघड्या हाताने उचलू नका. गर्भपाताचा जंतू ब्रुसेला माणसालाही धरतो.

आता तुमच्या गाईसाठी. पुढचे आठ दिवस रोज सकाळी, ती उठायच्या आत, शेपटीखाली बघा. हातमोजा घालून सोट तळव्यावर घ्या, उजेडाकडे धरा, पांढरं किती आणि काचेसारखं किती ते बघा, वास घ्या आणि तारखेपुढे दोन शब्द लिहा. वास आला, ताप आला किंवा ती खायची थांबली, तर दिवस न मोजता फोन करा. मधे माजावर आली तर यावेळी रेतन करू नका, तो माज तिला साफसफाईसाठी वापरू द्या. विसाव्या दिवसानंतर ठिपके वाढताना दिसले तरी बोलवा. आणि २६ व्या दिवशी ठिपके अजून असतील, तर पशुवैद्यकांना तपासायला बोलवा. नसतील, तर मामंजींना गोठ्यात बोलवा आणि तो सोट दाखवा.